निबंधाची सावड

महायुद्ध समाप्त झाले त्या वर्षीच्या जून महिन्यात माझा पुतण्या वाल्मिक हा मॅट्रिक उत्तीर्ण होऊन मुंबईच्या कॉलेजात दाखल झाला. आमच्या पोशीर गावातून कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच. मी स्वतः मराठी सहावीपर्यंत शिकलो असून नेरळच्या भातगिरणीत काट्यापाशी बसतो. परंतु वाचनाची गोडी मला बालपणापासून आहे, आणि विद्यार्थ्याने यश कसे संपादावे या विषयावरील मासिकांतले लेख मी कापून पेटीत जपून ठेवले आहेत. त्यामुळे वाल्मिकच्या अभ्यासाची योजना आखण्याचे कार्य घरात माझ्याकडेच आले. खरे सांगावयाचे तर ते कोणी माझ्याकडे दिले नाही. मी ते घेतले.

माझे वडील बंधू कोंडाजी, म्हणजे वाल्मिकचे वडील, यांना अक्षरओळख नाही. मुलगा अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र शिकणार असे मी त्यांस सांगितले तेव्हा, त्या शास्त्रात असते तरी काय, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, देशाची शेती का बुडते, लोक दरिद्री का राहतात, याचा त्यात विचार असतो. त्यावर कोंडाजींनी विड्याचे पान पुसत उत्तर दिले, "ते शिकाया मंबईला कशाला जायाला पायजे? बांधावर बस म्हनावं, फुकट कळंल."

वहिनी पदराआड हसल्या. मला मात्र वाईट वाटले. ज्या घरात ज्ञानाची अशी थट्टा होते त्या घरातला विद्यार्थी पुढे कसा जावा, या विवंचनेने मी आठवडाभर अस्वस्थ होतो.

वसतिगृहात वाल्मिकच्या खोलीत आणखी तीन मुले होती आणि योगायोगाने तिघेही आमच्याच बाजूची: खालापूरचा गजा, कर्जत कसब्यातला विठू व चौकचा चांगो. चौघांनाही विषय तेच. जुलैच्या एका रविवारी वाल्मिक त्यांना घेऊन पोशीरला आला. शेतांत लावणी चालली होती. ओटीवर त्या चौघांस बसवून मी त्यांच्या अडचणी विचारल्या. इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत, वाचनालयात पुस्तकाची एकच प्रत असते, ती शहरातली मुले आधी नेतात, आणि रॉकेल रेशनवर असल्यामुळे रात्री दिवा जपून लावावा लागतो. गजा तर म्हणाला की तो अजून एकही निबंध पुरा करू शकलेला नाही.

त्या क्षणी समोरच्या भातखाचरात वाकलेली माणसे माझ्या दृष्टीस पडली, आणि मला एकदम मार्ग सुचला.

आमच्याकडे भाताची लावणी व कापणी सावडीने होते. सावड म्हणजे आज तुमच्या शेतावर आम्ही येऊ, उद्या आमच्या शेतावर तुम्ही या. मजुरी नाही. ज्याचे शेत, त्याने दुपारची भाकरी द्यावी, इतकेच. एकट्याच्या हाताने जे शेत पंधरवड्यात उरकत नाही ते चार घरांच्या हातांनी पाहता पाहता उरकते. आणि सावडीचा एक नियम असा की सोबत्याचे एक खाचर जरी बाकी असले तरी आपले पीक उरकून घेण्यासाठी कोणी मागे फिरावयाचे नाही. मी मुलांना म्हटले, तुम्हीही अशीच सावड घाला. ज्याचा निबंध असेल त्याच्या निबंधात चौघांनी राबावे. एकाने पुस्तक वाचावे, दुसऱ्याने टिपणे काढावीत, ज्याचे इंग्रजी बरे त्याने वाक्ये जुळवावीत. आणि कोणाचे राहिले असता कोणी आपल्यापुरते पुढे जाऊ नये.

मुलांचे चेहरे उजळले. गजाने तर मला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी आपण काही मोठे कार्य केले असे मला वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सर्व वर्गास एकच विषय दिला: शेतजमिनीचे तुकडे पडल्यामुळे होणारी हानी. तेव्हा या चौघांनी माझ्या योजनेनुसार झटून काम केले. विठूने वाचले, चांगोने टिपणे काढली, वाल्मिकने आपल्या चुलत घराण्यातल्या वाटण्यांची हकीकत त्यात घातली आणि गजाने सुवाच्य अक्षरात प्रती उतरविल्या. विषय एकच, म्हणून निबंधही एकच झाला. त्याच्या चार प्रती चौघांच्या नावे गेल्या. लपविण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांच्या मनातही आले नाही. उलट प्रत्येक प्रतीच्या शेवटी, हे काम आम्ही चौघांनी मिळून केले आहे, असे लिहून त्यांनी अभिमानाने सह्या केल्या.

प्राध्यापकांनी चारही निबंधांवर शून्य मांडले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कॉलेजात सहामाहीस टर्म म्हणतात, आणि प्राध्यापकाने टर्म मंजूर केली नाही तर वार्षिक परीक्षेस बसता येत नाही, वर्ष फुकट जाते. या चौघांची टर्म मंजूर करणार नाही, असे त्यांनी सांगितले. नक्कल करणे हा अपराध, आणि तो करून वर सही करणे हा उद्धटपणा, असे त्यांचे म्हणणे.

सुट्टीसाठी घरी आलेल्या वाल्मिकने हे सांगितले तेव्हा आमची कापणी सुरू झाली होती. सकाळी ज्यांच्या शेतावर आमची माणसे होती तीच माणसे दुपारी आमच्या शेतावर होती, आणि तेथे कोणी त्यास नक्कल म्हणत नव्हते. जी रीत एका ठिकाणी माणुसकी ठरते तीच दुसऱ्या ठिकाणी अपराध कशी ठरते, याचे उत्तर माझ्या पेटीतल्या एकाही लेखात नव्हते.

तेवढ्यात वाल्मिकनेच सांगितले की प्राध्यापक सहकुटुंब माथेरानला हवापालटासाठी जाणार आहेत, आणि ते मंगळवारी सकाळी नेरळला उतरतील. माथेरानला जाणाऱ्या प्रत्येकास नेरळला गाडी बदलावीच लागते. मी गिरणीतून रजा घेतली. दोन दिवस बसून एक निवेदन मनात घोळवून पाठ केले. कोंडाजींनी ते ऐकून एवढेच विचारले, "मालू, यवढं ऐकस्तवर गाडी थांबंल का?"

मंगळवारी आम्ही नेरळच्या फलाटावर उभे होतो. प्राध्यापक गोरेसे, चष्मा लावणारे व मितभाषी गृहस्थ निघाले. वाल्मिकला पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी हात जोडून माझे निवेदन आरंभिले. ज्ञान हे दीपासमान असून, वगैरे. परंतु तिसऱ्या वाक्यापाशीच त्यांनी मला थांबविले आणि विचारले, "तुम्ही सावड म्हणालात. ती काय असते?"

मी त्यांस सावड समजावून सांगितली. त्यांची मुद्रा पालटली. सामानावर बसून त्यांनी खिशातून टिपणवही काढली. किती घरे एकत्र येतात, कोणी आजारी पडला तर काय, बैलांची सावड असते का, वेगळ्या जातीचे लोक एकमेकांकडे जातात का, असे ते विचारीत गेले व मी सांगत गेलो. त्यांच्या पत्नींनी दोनदा गाडीची आठवण दिली. हे सर्व मी मोठ्या आशेने सांगत होतो. मला वाटत होते, यांना रीत कळली की मुलांचा निर्दोषपणाही कळेल.

छोट्या गाडीची शिट्टी झाली. त्यांनी वही मिटली व माझे आभार मानले. ही माहिती फार उपयोगाची आहे, या विषयावर आपण लेख लिहीत आहोत, असेही सांगितले. मग वाल्मिककडे वळून म्हणाले, "तू सुट्टीनंतर ये आणि माझ्यासमोर बसून एकट्याने निबंध लिही. बरा झाला तर तुझी टर्म मंजूर करीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी वाल्मिकला पाया पडण्याची खूण केली. तो जागचा हलला नाही.

"सर, बाकीच्या तिघांचं?"

"तुझे काका येथवर आले म्हणून तुझ्यापुरते बोललो. नियम एकासाठी वाकवता येतो, चौघांसाठी नाही."

"मग मलाही नको, सर. त्यांचं राहिलेलं असताना मला लिहिता येनार नाय."

मी त्याची बाही ओढली. प्राध्यापक डब्यात चढले, आणि गाडी डोंगराकडे निघून गेली.

पोशीरपर्यंतच्या वाटेवर मी जितके बोललो तितके जन्मात बोललो नसेन. हातात आलेले वर्ष त्याने दवडले, बापाचे कष्ट पाहिले नाहीत, तिघांना तरी याचा काय लाभ झाला, असे मी त्यास अनेक परींनी सुनावले. तो खाली मान घालून चालत होता. ओढ्यापाशी चपला हातात घेताना एवढेच म्हणाला, "काका, ओटीवर तुमीच सांगितलं होतं ना. मागं फिरायचं नाय म्हनून."

माझ्याच योजनेने त्याला खड्ड्यात घातले होते, आणि वर येण्याची दोरीही माझ्याच योजनेने तोडली होती. घरी कोंडाजींनी सर्व ऐकून घेतले. ते रागावतील असे मला वाटले. त्यांनी वाल्मिकला विचारले की उद्या सावडीत अंबूबाईचे खाचर कापायचे आहे, तर विळा परजला आहे की नाही. संभाषण तेथेच संपले. मला त्या रात्री जेवण गेले नाही. या घरात एकट्या मलाच या वर्षाची किंमत वाटते आहे काय, असा विचार पुन्हा पुन्हा येत राहिला.

प्राध्यापक रविवारी दुपारी खाली येणार, हे मी माथेरानच्या गाडीवरच्या एका ओळखीच्या माणसाकडून काढून घेतले. वाल्मिकला न सांगता मी एकटाच नेरळला गेलो. या वेळी निवेदन पाठ केले नव्हते. त्यांनी मला दुरूनच ओळखले, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच, बरे झाले भेटलात, म्हणून वही काढली. लेख लिहिताना त्यांस एक गोष्ट अडली होती. ज्या विधवेच्या घरी पुरुष माणूस नाही, बैल नाही, ती आपल्या अंगावर चढलेली सावड कशी फेडते?

याचे उत्तर मला ठाऊक होते. अंबूबाई आमच्या शेजारीच राहते. ते माझ्या ओठांवर आलेही. परंतु वहीवर टेकलेली त्यांची पेन्सिल पाहून माझ्या मनात काय झाले ते सांगता येत नाही. जी ग्रंथांतली भाषा मी इतकी वर्षे जतन केली ती त्या वेळी माझ्या मदतीस आली नाही.

मी म्हटले, "सायेब, मंगळवारी तुमच्या खाचरात आमी राबलो. आमचा दिस तुमी कवा देनार?"

त्यांनी चष्मा काढला. त्यांना राग आला असावा असे समजून मी दोन पावले मागे सरलो. पत्नी हाका मारीत होत्या, मुंबईची गाडी येण्याची घंटा झाली, आणि हे गृहस्थ चष्म्याच्या काचा पुसत उभे. शेवटी त्यांनी वही खिशात घातली. त्या विधवेविषयी त्यांनी पुन्हा विचारले नाही.

"कॉलेज उघडेल त्या दिवशी चौघांना पाठवा," ते म्हणाले. "चौघांना चार वेगळे विषय देईन आणि चार कोपऱ्यांत बसवीन. त्यात सावड चालणार नाही."

"आनि टर्म?"

"जो बरा निबंध लिहील त्याची मंजूर होईल. मी वचन देत नाही."

मग मी त्यांस अंबूबाईची हकीकत सांगितली. ती सर्वांच्या शेतावर दुपारची भाकरी भाजून पोहोचवते आणि तिची सावड त्यात फिटते. तोवर गाडी फलाटास लागली होती. त्यांनी ते लिहून घेतले की नाही, हे मी पाहिले नाही.

घरी हे वर्तमान सांगितल्यावर वाल्मिकने त्याच संध्याकाळी खालापूर, कर्जत व चौक येथे निरोप धाडले. दुसऱ्या दिवसापासून त्याने पुस्तके घेऊन बसावे म्हणून मी नवी योजना लिहिली व ती ओटीच्या खांबावर चिकटवली. कापणी ऐन भरात होती. तो पहाटे वाचीत असे, हे खरे, परंतु उन्हे आली की विळा घेऊन निघे. मी आडवा गेलो की म्हणे, आज सखाकडचा दिवस आहे, आज गोदूबाईकडचा. खांबावरचा कागद वाऱ्याने फाटून गेला.

कॉलेज उघडल्यावर चौघांनी चार कोपऱ्यांत बसून निबंध लिहिले. चौघांचीही टर्म मंजूर झाली. त्यांत गजाला सर्वांहून अधिक गुण मिळाले, ज्याला जुलैत एकही निबंध पुरा करता येत नव्हता. आमच्या वाल्मिकला सर्वांहून कमी. कसाबसा काठावर आला. मी पत्र हाती घेऊन ओटीवर बसलो असता कोंडाजींनी गजाचे गुण मुद्दाम पुन्हा वाचावयास लावले, आणि ते ऐकून, आपल्याच खाचराला पीक चढावे तसे, समाधानाने मान हलवली.

मला अजूनही तसे समाधान वाटत नाही. वार्षिक परीक्षा मार्चमध्ये आहे. वाल्मिक नाताळच्या सुट्टीत येईल तेव्हा त्याच्याशी या बाबतीत स्पष्ट बोलावे लागेल, म्हणून मी पेटीतले लेख पुन्हा काढले आहेत. परंतु ते वाचावयास बसलो की मध्येच वहिनी विचारतात, त्या खालापूरच्या गजालाही बोलवायचं ना, त्याच्यासाठी वालाचं बिरडं करीन म्हणते. आणि मी होकार देतो.