अबू नायफ म्हणाला, खलास

मी एक जुनी कात्री आहे. मला दोन पाती आहेत आणि मध्ये एक स्क्रू. दोन्ही पात्यांना गोष्ट वेगवेगळी आठवते, म्हणून ती जरा तुटक होईल. सांभाळून घ्या, मित्रांनो.

माझा जन्म वजीराबादचा. तिथल्या भट्टीत मला घडवले, पाणी दिले, धार लावली. नियामत अली नावाच्या न्हाव्याने मला कानाजवळ धरून वाजवले आणि तो म्हणाला, "ही बोलते." मग त्याच्याबरोबर मी पाकिस्तानातून सौदीतल्या बुरैद्याला आले.

सलून अबू नायफचे. नियामतचा व्हिसाही त्याच्याच नावावर. अशा मालकाला तिथे कफील म्हणतात. दुसरीकडे काम धरायचे तर आधी कफीलने फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये मंजुरी द्यायची.

केस कापून झाले की नियामत गिऱ्हाइकाच्या अंगावरचे कापड झटकायचा आणि म्हणायचा, "खलास!" गिऱ्हाईक उठून मोकळे. दिवसभर हाच शब्द. त्याचा अर्थ 'जा आता' असाच मी धरून चालले होते. नियामतही.

कच्.

ती चांगली वर्षे होती. लोक माझ्यासाठी थांबून राहत. शेजारच्या खुर्चीवरचा रफाकत म्हणे, "उस्ताद, तुमच्या हातात कात्री नाही, बुलबुल आहे."

"आणि तुझ्या हातात कुदळ," नियामत म्हणे.

पण सुट्टी मागितली की अबू नायफ सांगे, "ईदनंतर." कोणत्या ईदनंतर, ते सांगत नसे. नियामतची मुलगी झरीना तो इकडे आल्यावर घरी जन्मली होती. एकदा तिने फोनवर विचारले, "अब्बा, तुम्हाला पाय आहेत का?" त्याने फोन खाली नेऊन पाय दाखवले. ती म्हणाली, "हे कुणाचेही असतील."

दोन गल्ल्या पलीकडे हम्मादचे नवे सलून निघाले. हम्माद म्हणाला, "माझ्याकडे ये. मंजुरी झाली की आधी घरी जाऊन ये, मग कामाचं बघू."

कच्.

अबू नायफ दाढी कातरून घ्यायला आला होता. डोळे मिटून, मान मागे टाकून बसला होता. मी त्याच्या गळ्याशी होते.

"अबू नायफ, मला हम्मादकडे जाऊ द्या. मुलीला बघायचंय. इतकी वर्षं मी कधी..."

"खलास," अबू नायफ म्हणाला. "खलास, नियामत."

नियामतने कापड झटकले. त्या दिवशी त्याने मला दोनदा पुसले.

रफाकत म्हणाला, "उस्ताद, फोनवर मंजुरी येऊ द्या ना आधी."

"अरे, माणसानं तोंडानं खलास म्हटलं. तेही दोनदा!"

उजवे पाते म्हणते, अबू नायफ 'जा' म्हणाला. डावे पाते म्हणते, तो 'गप्प बस' म्हणाला. दोन्ही पाती तिथेच होती, एकाच गळ्यावर.

कच्.

ईद जवळ आली होती, गर्दी उसळली होती, म्हणून घरी जाणे ईदनंतर असे ठरले. नियामतने मला रुमालात गुंडाळले आणि तो हम्मादकडे कामाला लागला. तिकडे अबू नायफने सरकारला कळवले: माझा माणूस हुरूब आहे. मित्रांनो, तुमच्या भाषेत हुरूप म्हणजे उमेद. तिथे हुरूब म्हणजे पळालेला. नियामतच्या वाट्याला दोन्ही एकाच आठवड्यात आले. पळाला होता तो दोन गल्ल्या, तेही चालत.

तपासणीवाले आले तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या कानावर होते.

"तुझा कफील दुसरा. इथे कुणाच्या परवानगीनं?"

"अबू नायफनं खलास म्हटलंय, साहेब. विचारा त्यांना."

त्यांनी फोन लावून विचारले. पलीकडून आवाज आला, "हो, म्हटलं. विषय खलास, असं म्हटलं."

नियामतने मला फळीवर ठेवले. तो मला कधी उघडी ठेवत नसे. त्या दिवशी ठेवले.

अर्धे केस राहिलेले गिऱ्हाईक म्हणाले, "आणि माझं?"

तपासणीवाले नियामतला घेऊन निघाले होते.

कच्.

मला कोणी विचारले नाही तुझा कफील कोण म्हणून. बातमी ऐकून आलेल्या रफाकतने मला खिशात टाकले आणि जुन्या सलूनमध्ये परत आणले. नियामत अजून कोठडीत आहे. पासपोर्ट अबू नायफकडेच आहे, आणि तो 'ईदनंतर बघू' म्हणतो. नियामतचा फोनही काढून घेतला. पाय राहिले बाजूला, झरीनाला आता अब्बांचा चेहराही दिसत नाही.

माझा स्क्रू गंजला आहे. रफाकत माझ्याने मेंदीची पाकिटे कापतो. मात्र परवा अबू नायफ दाढीला आला, तेव्हा रफाकतने मुद्दाम मलाच उचलले. काम झाले. त्याने कापड झटकले, पण 'खलास' म्हटले नाही. अबू नायफ डोळे मिटून बसून राहिला.

"खलास?" शेवटी त्यानेच विचारले.

रफाकत कापडाची घडी घालत राहिला.

मित्रांनो, कात्रीला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, तिच्याने पाकिटे कापू नका. आणि कुणी जायची परवानगी मागितली, तर डोळे उघडून त्याला हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण पुरते म्हणा. नियामतने विचारले तेव्हा माझी धार त्या गळ्यावर होती. उत्तराची वाट पाहतानाही त्याने ती त्वचेला लागू दिली नव्हती.