भट्टीवाल्याची एक रात्र

बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बेकरीच्या मागच्या दारात कळलं, की भावाची सुटी एका रात्रीची आहे आणि सहल दुसऱ्या रात्रीची.

बहीण दवाखान्यात एक्स-रे काढते. कामावर जाता जाता ती सामानाची यादी द्यायला थांबली होती. भाऊ रात्रपाळी संपवून हाताचं पीठ धूत होता.

"उद्या किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

"उद्या नाही, परवा. पाचला गाडी."

"परवा मी कामावर आहे."

"दादा, सकाळी सकाळी चेष्टा नको. फळ्यावर पंधरा तारखेपुढे तुझी सुटी लिहिलीय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"पंधराचीच आहे. म्हणजे उद्या रात्री."

बेकरीत पाळीला तारीख पडते ती पाव विकला जातो त्या दिवसाची. चौदाच्या संध्याकाळी सहाला मळायला घेतलेलं पीठ पंधराच्या सकाळी दुकानात जातं, म्हणून ती पाळी पंधराची. भाऊ सव्वीस वर्षं याच तारखांनी जगत आला. बहिणीने महिन्यापूर्वी फळा पाहिला, तारीख वहीत उतरवली आणि त्याला काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. विचारण्यासारखं किंवा सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

ती पिठाच्या पोत्यावर बसली. "झालं. सगळं मुसळ केरात."

"साडी पांढरी होईल," तो म्हणाला.

सहल बारा जणांची होती. शहरापासून अडीच तासांवर एक धरण आहे, त्याच्या काठावर तंबू ठोकून रात्रभर आकाशाचे फोटो काढायचे. चार महिने ती याच्यामागे होती. आधी तंबू, मग गाडी, मग बायकांसाठी स्वच्छतागृह, मग कोणाला थंडी बाधते आणि कोण घोरतं याच्या चौकश्या. खरं घोडं अडलं होतं ते दिव्यांपाशी. धरणाच्या भिंतीवर एकोणीस दिवे आहेत. ते चालू असले की फोटोत तारे येत नाहीत, नुसतं पिवळं धुकं येतं. एका रात्रीपुरते दिवे बंद ठेवा, असा अर्ज तिने केला. तो तीनदा परत आला: एकदा शिक्का नाही म्हणून, एकदा नकाशा नाही म्हणून, एकदा कारण न देता. चौथ्यांदा मंजूर झाला. पंधराच्या रात्री आठपासून सोळाच्या पहाटे चारपर्यंत. एकदाच, पुन्हा अर्ज करू नये, असंही खाली लिहिलं होतं.

आणि हे सगळं मुळात भावासाठी होतं. त्याने सहा वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला. त्यात कबुतरं आहेत, पावांच्या चळती आहेत, भाचीचं पहिलं पाऊल आहे. तारा एकही नाही. रात्र ज्याच्या नशिबी रोज, त्याला ती दिसते भट्टीच्या तोंडाशी. आजवर त्याने दोन रात्री सुटी घेतली होती, आई गेली तेव्हा आणि बहिणीच्या लग्नात. स्वतःसाठी मागितलेली ही पहिली. बदलीवर यायला शेजारच्या बेकरीतला माणूस तयार झाला होता, तोही ही एकच रात्र. पुढच्या महिन्यात तो गाव सोडणार होता.

बुधवारी दिवसभर ती पेशंट आणि फोन असं दोन्ही करत होती.

"छाती टेकवा. खांदे पुढे. श्वास रोखा." काचेमागे येऊन तिने फोन कानाला लावला. "साहेब, फक्त एक दिवस अलीकडे घ्यायचंय."

"बाई, आदेश निघालाय," धरणाच्या कार्यालयातले कारकून म्हणाले. "चौकीला कळवलं, खालच्या वस्तीला कळवलं. आता बदलायचं तर मोठ्या साहेबांची सही. साहेब सोमवारी येतील."

"सोमवारी काय उपयोग?"

"तेच सांगतोय ना."

आतून घुसमटलेला आवाज आला. "मॅडम, सोडू का श्वास?"

"सोडा, सोडा!"

सहलीच्या ग्रुपवर तिने चूक सरळ लिहून टाकली आणि एक दिवस आधी जायचं का, असं विचारलं. भूगोलाच्या बाईंचा फोन दोन मिनिटांत आला. "एकासाठी अकरा जणांनी रजा बदलायच्या? आणि चौदाला दिवे चालू असणार. जाऊन करायचं काय, धरण मोजायचं?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून तिला जास्त राग आला. औषध दुकानवाल्यांनी लिहिलं, "भट्टीवाले नसतील तर सकाळच्या पावाचं काय?" तिने एक हसरा चेहरा पाठवला. उत्तर लिहिण्याइतकं त्राण नव्हतं.

गुरुवारी बेकरीच्या मालकीणबाईंनीही हात वर केले. बदली माणूस ठरलाय, तो येणार. शुक्रवारी दुसरा कोण? चौदाच्या रात्री भाऊ घरी राहिला. शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

"रात्रभर गच्चीत बसले होते. झोपायची सवयच नाही त्यांना रात्री."

"काही दिसलं?"

"समोरच्या सोनाराची पाटी."

मग भाऊ फोनवर आला. "तू जा बरं. आकाश काय भाड्याने आणलंय? पुढच्या अमावास्येला असेलच."

"पुढच्या अमावास्येला दिवे असतील."

"मग असू देत."

"हे असलं बोलत जाऊ नकोस. भांड तरी माझ्याशी."

"तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय? नवऱ्याला विचार."

ती हसली नाही. अकरा वाजता तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि बेकरीत जाऊन मालकीणबाईंच्या समोर उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "उस्ताद आले तर सोडते."

उस्ताद म्हणजे भावाला काम शिकवणारा माणूस. वय एकाहत्तर, मनगटं गेलेली, मुक्काम मुलीकडे, दोन बस बदलून. फोनवर ते म्हणाले, "मळायला दुसऱ्याचे हात घेईन. पीठ कधी झालं ते कळतं अजून मला. येतो."

"सहाच्या आत, उस्ताद. सहाला पहिलं पीठ पडतं."

"ते मला सांगतेस, पोरी?"

पाच वाजता गाडी बेकरीच्या कोपऱ्यावर उभी होती. अकरा जण आत बसले होते, तंबू टपावर बांधले होते. धरणाचं फाटक आठला बंद होतं, त्यामुळे साडेपाचच्या पुढे थांबता येणार नाही, असं ड्रायव्हरने दोनदा सांगितलं. भाऊ बेकरीच्या दारात उभा होता. आत पिठाची पोती फोडून ठेवलेली होती. गळ्यात कामाचा अॅप्रन होता, पण त्याची गाठ त्याने बांधली नव्हती.

"बस येऊन गेली एक," भूगोलाच्या बाई खिडकीतून म्हणाल्या. मग घड्याळ बघून, "दुसरीची वाट बघू या."

दुसरी बस पाच वीसला आली. तीन माणसं उतरली. त्यांत उस्ताद नव्हते.

बहिणीने त्यांना पुन्हा फोन लावला. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी तो त्यांच्या मुलीने उचलला. बाबा साडेतीनलाच निघालेत, फोन घरीच विसरलेत, असं ती म्हणाली.