टक्क्यापुढचे पंचवीस

ताईंचा फोन आला तेव्हा वहिनी ऑफिसात डबा उघडून बसली होती. घरात सगळे तिला वहिनीच म्हणत, वयाने मोठी असलेली ही नणंदसुद्धा.

"वहिनी, काय करून ठेवलंयस गं? एक नमुना उघडेल तर शपथ! सकाळपासून बायका माझं डोकं खातायत."

ताई कपडे बेतायचे कागदी नमुने काढत आणि आपल्या वेबसाइटवरून विकत. घेणारीला एक लिंक जाई, ती उघडून नमुना छापून घ्यायचा. ही वेबसाइट वहिनीने नुकतीच जुन्या पत्त्यावरून नव्या सर्व्हरवर हलवली होती. सर्व्हर सांभाळणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. घरचं काम म्हणून तिने हे हातासरशी उरकलं होतं.

तिने एक लिंक उघडून पाहिली. 'पान सापडले नाही.' वरच्या पट्टीत पत्त्याचा पार विचका झालेला. नावातल्या दोन शब्दांमध्ये जिथे जागा सोडलेली होती, तिथे %2520 असं काहीतरी बसलं होतं. ते पाहून तिला जरा हायसंच वाटलं: दोष नावांचा होता, तिच्या कामाचा नव्हे.

"ताई, मी कधीची कानीकपाळी ओरडतेय, फाइलींना असली लांबलचक मराठी नावं देऊ नका. मध्ये जागा सोडू नका. इंग्रजीत ड्रेस वन, ड्रेस टू करून टाका."

"जुन्या ठिकाणी चालत होती की."

"तेव्हा चाललं ते नशीब."

ताई एरवी हार जाणाऱ्यातल्या नव्हेत, पण बायकांचे फोन थांबत नव्हते. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी नावं बदलली, नव्या लिंका उघडू लागल्या. "तुझ्या बहिणीने ऐकलं एकदाचं," वहिनीने नवऱ्याला ऐटीत सांगितलं.

मग ताईंचा निरोप आला, कोरडा, दोन ओळींचा. नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे जुनीच लिंक होती आणि त्यांना नमुना तातडीने हवा होता. नाव बदलल्यावर जुनी लिंक चालणार कशी? तात्पुरती सोय म्हणून वहिनीने त्या नमुन्याची एक प्रत जुन्या नावाने, मोकळ्या जागांसकट, नव्या सर्व्हरवर ठेवली आणि नव्या पत्त्यावरून उघडून पाहिली.

उघडली. एका झटक्यात.

जुन्या लिंकवरून गेली, तर पुन्हा 'पान सापडले नाही.'

वहिनी खुर्चीत मागे रेलली. नाव तेच, फाइल तीच. मग खोट वाटेत होती, आणि ही वाट तिने स्वतःच घातली होती. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे धाडणारा नियम तिने लिहिला होता. तिने सर्व्हरची नोंद उघडली. मोकळी जागा पत्त्यात टक्का आणि वीस अशी लिहितात. लिंक जुन्या पत्त्यावर येत होती ती तशीच, नीट लिहिलेली. वहिनीचा नियम मात्र त्या लिंकला कच्ची समजून पुन्हा लिहायला घेत होता. खुद्द टक्क्याच्या चिन्हाचा संकेत टक्का-पंचवीस. म्हणून टक्क्यापुढे पंचवीस घुसले आणि मग वीस. मराठी अक्षरांची गतही तीच. ताई नव्या लिंकाही जुन्याच पत्त्याच्या पाठवत होत्या, पण साध्या इंग्रजी नावात टक्काच नाही, त्यामुळे ती नावं सुखरूप पोचत होती आणि वहिनीचं म्हणणं खरं ठरत होतं.

नियमात तिने एक सूचना घातली: आला तसा पुढे धाड, पुन्हा लिहू नकोस. सर्व्हर नव्याने चालू केला. नाटकवाल्या बाईंची लिंक उघडली.

हे फोनवर सांगायला तिची जीभ रेटेना. सुट्टीच्या दिवशी ती ताईंच्या घरी गेली. ताई जमिनीवर कागद पसरून बाही आखत होत्या.

"ताई, चूक माझी होती. तुमच्या नावांचा काही दोष नव्हता." तिने सगळं सांगितलं.

ताईंनी पेन्सिल थांबवली नाही. "म्हणजे अस्तर लावलेल्या कपड्याला तू पुन्हा अस्तर लावलंस."

"हो."

"आणि उसवायला मला बसवलंस."

"हो."

"मग बस आता. सगळी नावं परत घाल. मी सांगते, तू लिही."

दुपार त्यातच गेली. 'धावता येईल असा झगा.' 'काखेत न काचणारी बाही.' वहिनी निमूट लिहीत होती. एका नावापाशी मात्र तिचे हात थांबले.

"'भावाच्या लग्नात फसलेला झगा'? फसला होता?"

"गळा चुकला होता. सगळा वेळ खांदा सावरत फिरले."

"मला कधी दिसलं नाही."

"तुला कसं दिसेल? लग्न तुझं होतं!" ताई पहिल्यांदाच हसल्या. "मग सुधारला मी तो. आता सगळ्यांत जास्त तोच खपतो."

वहिनीने ते नाव जसंच्या तसं लिहिलं. ताईंनी आपल्या फोनवर जुनी लिंक दाबली, नमुना उघडला, आणि त्या पुन्हा बाही आखू लागल्या.