बेरिलची बटणं

"आई मघापासून बटण दाबतेय आणि हे आपलं गप्प!" जिलियन ओरडली.

बेरिल टॅबलेटवर बोट दाबत होती. अर्धांगवायूनं वाचा गेल्यापासून तिचं सगळं बोलणं त्यातूनच होई. प्रोग्रॅम तिच्या नवऱ्यानं, नेव्हिलनं, लिहिलेला. मी शेजारून चीज रोल घेऊन आलो होतो, तो दारातच थांबलो.

"काल जरा सुधारणा केली," नेव्हिल कान खाजवत म्हणाला. "प्रत्येक बटणाला रंग दिला. आता नव्या प्रोग्रॅमला आधी साठवलेली बटणं ओळखूच येत नाहीत."

"चालत्या गाड्याला खीळ घालण्यात तुझा हात कोणी धरणार नाही," मी म्हटलं.

जिलियननं साठवणीची फाइल उघडली. आत नुसती चिन्हांची खिचडी. "बाबा, सोमवारी तुझी बायपास आहे. तुला काही झालं तर आईनं मुकं बसायचं?"

डनेडिन शहरातल्या आमच्या रस्त्याचा चढ चढताना हल्ली नेव्हिलला मध्येच बसावं लागे. त्यानं जुना प्रोग्रॅम परत लावला, बटणं बोलती केली आणि संध्याकाळपर्यंत खपून ती सगळी साध्या, कुणालाही वाचता येतील अशा ओळींत साठवली. मग लेकीला जवळ बसवलं.

"वाच."

"बटण: चहा. शब्द: नेव्हिल, केटल ठेव. बटण: पुरे. शब्द: नेव्हिल, तोंड आवर." जिलियनला हसू आवरेना. "म्हणजे इथे शब्द बदलले की आई तसं बोलणार?"

"हो. त्याला मी लागत नाही. मी असलो काय, नसलो काय..."

बेरिलनं 'पुरे' दाबलं.

"नेव्हिल, तोंड आवर," टॅबलेट म्हणाला.

ऑपरेशननंतर नेव्हिल शुद्धीवर आलाच नाही. मला त्याची फार आठवण येते, खोटं कशाला सांगू.

त्याला निरोप देऊन आल्यावर काही दिवसांनी जिलियननं ती फाइल उघडली. 'गुडघा दुखतोय' हे बटण तिनं स्वतः घातलं आणि ते पहिल्याच फटक्याला बोललं. मग चहाच्या ओळीवर ती अडली.

"आई, इथे आता माझं नाव घालू?"

बेरिलनं मानेनंच नाही म्हटलं आणि टॅबलेट मांडीवर ओढून घेतला.

खिडकी उघडी असली की अजूनही दुपारी कुंपणापलीकडून ऐकू येतं, "नेव्हिल, केटल ठेव." मग खुर्ची सरकते आणि जिलियन उठून नळ सोडते.