चलनावरचं वय

मातृत्व ही निसर्गातली सर्वांत पवित्र गोष्ट आहे, यावर बेंबळीच्या बलभीमरावांची श्रद्धा होती. फक्त आई किती आठवड्यांची आहे, तेवढं ते चलनावर बघून घेत.

त्या सकाळी कंपनीची गाडी ब्रॉयलर पिल्लांची खोकी घेऊन शेडवर आली. बलभीमरावांनी चलन वाचलं, एक पिल्लू काट्यावर ठेवलं आणि खोकी उतरवणं थांबवलं.

"चौतीस ग्रॅम. माय सव्वीस आठवड्यांची. कुमार, ही म्या घेणार न्हाय."

"आण्णा, कोंबडी आत्ता कुठं अंड्यावर आलीय," सुपरवायझर कुमार म्हणाला. "अंडं बारीक, मग पिल्लू बी बारीक. पहिला आठवडा ऊब जादा द्या, निभावत्याल."

"मागच्या खेपंला अशीच टोपलीभर पुरली म्या. कोंबडीचंच अंग भरलं न्हाय अजून. चाळीस आठवड्यांच्या कोंबडीची आण."

"कोंबडीचं वय म्या ठरवत नसतो, आण्णा."

"कुणीतरी ठरवतंच की. अन् उरक लवकर, दुपारी नळदुर्गचं पाव्हणं येणारंय निकिताला बघायला."

निकिता त्यांची नात, अकरावीत शिकणारी. चहा घेऊन आलेल्या विठाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "तिचं वय किती वो?"

"सोळा सरलं की. अंगानं थोराड हाय."

"कोंबडी बी थोराडच दिसती."

"माणसाचं अन् कोंबडीचं एक करती व्हय?"

"म्या कुठं करते? कोंबडीसाठी तुमी थांबता. माझं लगीन चौदाव्याला, पंधराव्याला पहिलं पोरगं. मुठीएवढं. नऊ दिवस जगलं. त्याचं वजन कुणी केलं न्हाय."

त्या पोराच्या जाण्याला बलभीमराव आजवर देवाची मर्जी म्हणत आले होते. पिल्लांच्या बाबतीत मात्र त्यांनी कधी देवाचं नाव काढलं नव्हतं.

काट्यावरचं पिल्लू खोक्यात ठेवून त्यांनी फोन लावला. "पाव्हणं, येऊ नका. पोरगी अठराची हुईस्तवर आमाला दाखवायची न्हाय." मग कुमारला म्हणाले, "उतरव खोकी. ऊब वाढवतो. त्यांचा काय दोष?"

नागरिकहो, तात्पर्य सरळ आहे. आईचं वय ही केवळ पोल्ट्रीची बाब नाही. मुलगी स्वतः वाढत असताना तिच्यावर दुसऱ्या जिवाचा भार टाकू नये. कायदाही हेच सांगतो, आणि तो कोंबड्यांसाठी केलेला नाही.

नळदुर्गच्या पाहुण्यांनी त्याच आठवड्यात ढोकीकडची एक मुलगी पसंत केली. ती दहावीत आहे.