दोर जमनीच्या हातात

पैनगंगेवर पुलाचं काम चाललं होतं. खांबाच्या पायासाठी नदीच्या तळात उतरवतात ती एक पोकळ विहीर खाली उतरता उतरता मोठ्या खडकावर अडकली, तेव्हा खडक फोडायला पितळी टोप घातलेले पाणबुडे तळाशी जाऊ लागले. एक तांड्यावरचा धावजी, दुसरा नेरचा उकंडा, वयानं अगदी पोरगेलासा.

त्या दिवशी दोघंही आळीपाळीनं बराच वेळ पाण्याखाली राहिले. वर आल्यावर उकंड्यानं मोहाची मारली, कुस्ती खेळला आणि ढाराढूर झोपला. धावजीनं पाणबुड्यांवर देखरेख करणाऱ्या बापूजी मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं पथ्य पाळलं. घोंगडी पांघरली, भरपूर पाणी प्याला, दारूला शिवला नाही. तरी दिवस मावळेपर्यंत त्याचा गुडघा असा ठणकू लागला की पाय भुईवर टेकवेना.

त्याची बायको जमनी तिथंच गिट्टी वाहायची. ती तरातरा बापूजीकडे गेली.

"हा कुठला न्याय, बापूजी? तो उकंडा ढोसून कुस्ती खेळला, त्याले काही नाही. आन् आमचा माणूस तुमचं ऐकून खाटेवर पडला!"

"बाई, खोल पाण्यात हवा रक्तात मुरते. वर येताना तिले हळूहळू निघू द्या लागते, नाही त सांध्यात अडकते," बापूजी म्हणाला. "उकंडा जवान हाये, आज निभावला. रोज निभन असं नाही. धावजी काल झोपला होता का?"

"कुठचा झोपते! गाय व्याली, रातभर गोठ्यात होता."

"आन् हा गुडघा?"

"गुदस्ता बैलानं लाथ हाणली होती."

"मंग? जागरण, जुना मार, चाळिशी उलटलेली, त्यात थंडगार पाणी. आन् वर यायची घाई केली ते येगळंच."

"गारठलो होतो ना!" खाटेवरून धावजी कुरकुरला.

"निजू दे त्याले. कामाले हात लावू देऊ नको. पाय बधिर झाला, दम लागला, तर तडक यवतमाळचा दवाखाना."

तशी वेळ आली नाही. ठणका हळूहळू ओसरला, धावजी चालू लागला, गाईच्या खरवसावर ताव मारू लागला. बापूजीनं बरेच दिवस त्याला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. मग उरलेला खडक फोडायची वेळ आली.

"जा," जमनी म्हणाली, "पण तुमच्या कमरेचा दोर मी धरीन."

बापूजीनं हसतच तिला दोराच्या खुणा शिकवल्या. त्या दिवशी धावजी थोडाच वेळ खाली राहिला. वर येताना बापूजीनं हात केला तसा जमनीनं दोर थांबवला. 'ओढ' म्हणून खालून हिसका आला. ती हलली नाही. परत हिसका आला.

"ओढ ना, बाई, गारठला असन तो!" हवेच्या पंपावरचे गडी ओरडले.

"गारठू द्या. शेकोटी पेटवली हाये."

बापूजीनं मान हलवली तेव्हाच तिनं पुन्हा ओढायला घेतलं, तेही सावकाश. टोप निघाला. धावजीचे ओठ काळेनिळे पडले होते.

"झोपली होतीस का वर?"

"तुमी झोपा आता," जमनी म्हणाली आणि त्याच्या अंगाभोवती घोंगडी गुंडाळली.

जेवून तो बाभळीखाली घोरू लागला. गुडघा गप्प होता. जमनी भाकरीचा तुकडा मोडतच होती, तेवढ्यात उकंडा खांदा चोळत येऊन उभा राहिला.

"मावशे, माहाही दोर तूच धरजो."

"धरीन ना," ती म्हणाली. "बस, आधी जेव."