काळी एकच्या अलीकडे

पालमच्या बसस्टँडसमोर नागनाथचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि डोळ्याला लावायचं एक भिंग. गिऱ्हाईक नसलं की तो खिशातून माऊथ ऑर्गन काढायचा. मध्येच कुणी घड्याळ न्यायला आलं तर त्याला गाणं संपेपर्यंत थांबावं लागे, आणि किती वेळ थांबलो हे त्याला कळायची सोय नसे, कारण घड्याळ नागनाथकडेच असे.

या माऊथ ऑर्गनच्या जोरावरच तीन वर्षांपूर्वी तो परभणीच्या ‘नवतारा ऑर्केस्ट्रा’त शिरला होता. पंडित हा ऑर्केस्ट्राचा मालक आणि गायक, मुंजाजी गिटारवाला, आणि एक ढोल-ड्रमवाला. गिटार विजेवर चालायची, ठेका परदेशी असायचा आणि गाणी मात्र जात्यावरची, गोंधळातली, हळदीची. म्हातारी माणसं नाकं मुरडायची, पण उठून जायची नाहीत.

अडचण एकच होती. नागनाथचा माऊथ ऑर्गन एकाच पट्टीचा होता, पांढरी एकचा. पंडितचा गळा खुलायचा काळी एकला, म्हणजे पेटीवर तिला लागून असलेल्या काळ्या पट्टीला. फरक अर्ध्या सुराचा. पण त्या अर्ध्या सुरासाठी पंडितला खाली उतरून गावं लागे, आणि तसं गायलं की तो घसा खाकरून नागनाथकडे असा बघे, जणू यानंच त्याच्या चपला लपवल्यात. त्यामुळे कार्यक्रमात नागनाथच्या वाट्याला दोन गाणी येत. बाकीचा वेळ तो मागे उभा राहून खुळखुळा हलवी.

पंचाहत्तर साल उजाडलं आणि पंडितनं नांदेडहून सिताराम नावाचा अ‍ॅकॉर्डियनवाला आणला. अ‍ॅकॉर्डियनमध्ये सगळ्या पट्ट्या होत्या.

“राग मानू नको नागनाथ,” पंडित म्हणाला. “सव्वीस जानेवारीला येलदरीच्या कॉलनीत कार्यक्रम हाय. तिथं काळी एकला वाजवून दाखव. न्हाई जमलं तर रामराम. खुळखुळ्याला माझा मेव्हणा हायच की.”

“न्हाई जमायला काय झालं?” नागनाथ म्हणाला, आणि घरी येईपर्यंत कसं जमवायचं याचाच विचार करत राहिला.

काळी एकचा माऊथ ऑर्गन नांदेडच्या दुकानात नव्हता. मुंबईहून यायला दोन महिने लागणार होते. मग नागनाथनं आपला बाजाच खोलला. आत वीस पितळी जिभा होत्या, दहा फुंकायच्या, दहा ओढायच्या. एका जिभेचं टोक त्यानं बारीक कानशीनं दोन वेळा घासलं आणि फुंकून पाहिलं. सूर चढला. टोक हलकं झालं की जीभ लवकर लवकर हलते, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करणाऱ्याला वीस जिभा काय जड!

“घड्याळांचा जीव घेऊन झाला,” त्याची बायको कुसुमबाई म्हणाली, “आता बाज्याचा घ्यायलात का?”

“दुरुस्ती करायलोय.”

“त्याला झालंय काय पण?”

“काही न्हाई.”

“मग धडधाकटाचं आपरेशन म्हणा की!”

प्रत्येक जीभ किती घासायची हे ताडून पाहायला पेटी हवी होती. गावात चांगली पेटी एकच, बुद्धविहारातली. ती रंगनाथमामांच्या ताब्यात असे. जयंतीला त्यांची गायन पार्टी त्याच पेटीवर गायची.

“जय भीम मामा. पेटी आठ दिवस द्याल का?”

“ने की. पण भाता जपून मार. आन् आतून बघून घे एकदा, कशी लख्ख हाय!” मामांनी फळी उचलून दाखवली. “दरसाली जयंतीच्या आधी एकूणएक सूर, ह्या पितळी जिभा, पालिश कागदानं घासतोय मी. पंधरा सालं झाली, एक साल चुकलं न्हाई.”

नागनाथनं मनापासून कौतुक केलं. पेटीतले सूर आरशासारखे चकाकत होते.

आठ दिवस दुपारची झोप सोडून तो पेटीवर काळी एकच्या पट्टीतला एकेक सूर दाबायचा, त्याची जीभ घासायचा, फुंकायचा, पुन्हा घासायचा. आठव्या दिवशी बाजा आणि पेटी एकत्र वाजवली तर दोघांचा मिळून एकच आवाज आला. त्यानं कुसुमबाईला बोलावून ऐकवलं. तिनं ऐकलं, मान डोलावली आणि चुलीवरचं दूध उतू गेल्याचं सांगितलं.

सव्वीस जानेवारीला परभणीत आणि जिंतूरला गाडी बदलून तो येलदरीला पोचला, तेव्हा दुपारचा कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. तालीम करायला वेळच नव्हता. समोर वीजकेंद्रातली मंडळी बायकामुलांसह सतरंज्यांवर बसली होती.

पहिलंच गाणं काळी एकला निघालं. अ‍ॅकॉर्डियननं भरघोस सुरुवात केली आणि आपल्या जागी नागनाथनं रुबाबात फुंकर मारली. दोन्ही सूर एकमेकांवर असे घासले की आवाज जात्यासारखा घरघरायला लागला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं. नागनाथनं बाजा झटकला, जणू आत थुंकी अडकलीय, आणि परत फुंकला. तान्ह्याच्या आईनं त्याच्याकडे रागानं बघितलं.

पुढची तीन गाणी तो खुळखुळा हलवत राहिला. पंडित लोकांशी बोलायला लागला तशी नागनाथनं सितारामला हळूच विनंती केली, “भाऊ, पांढरी एक द्या. आता काळी द्या.” एक कान अ‍ॅकॉर्डियनकडे लावून तो बाजा हळूच फुंकत होता. त्याचा सूर पांढरीच्या वर होता आणि काळीच्या खाली, बरोबर मधोमध.

आणि मग त्याला लख्ख दिसली मामांची पेटी. त्यानं टोक घासून सूर चढवला होता. मामांनी पंधरा वर्षं जीभ बुडापासून घासून पातळ केली होती. टोक हलकं झालं तर सूर चढतो, पण बूड पातळ झालं की जीभ ढिली पडून संथ हलते. दरसाल पेटी कणभर उतरत गेली होती, आणि तिच्याबरोबर ढोलकी, टाळ, गाणारे सगळे खुशीनं उतरत गेले होते. त्यांना विचारायला दुसरी पेटी होतीच कुठं?

“झालं का बोलणं?” पंडित कुजबुजला. “आता बाजा पिशवीत घाल आन् गप बस.”

“पंडितराव, एक गाणं द्या मला.”

“आजून एक? ते लेकरू आताच झोपलंय.”

“जात्याचं गाणं. सितारामभाऊंनी हात बांधून बसायचं. मुंजाजी, तू तारा जराशा उतरव. एवढंच करा, मग मी चाललोच.”

अ‍ॅकॉर्डियन उतरवता येत नाही, पण गिटारला खुंट्या असतात आणि गळ्याला तर खुंट्याही लागत नाहीत. मुंजाजीनं बाज्याला कान लावून तारा ढिल्या केल्या. नागनाथनं एकट्यानं सुरुवात केली. लांबच लांब ओढ, मग जात्याचा फेरा. पंडित मनाविरुद्ध शिरला, पण सूर काळी एकच्या एवढा जवळ होता की त्याला उतरल्यासारखं वाटलंच नाही. वरचा सूर त्याला उलट सोपा गेला. तिसऱ्या कडव्याला तो डोळे मिटून गायला लागला. सतरंज्यांवरच्या बाया गुडघ्यावर हात आपटायला लागल्या, आणि गाणं संपल्यावर “वन्स मोअर!” अशी जी ओरड झाली ती दोनदा पुरवावी लागली.

त्यानंतर मात्र मुंजाजीला तारा पुन्हा चढवाव्या लागल्या. त्यात दहा मिनिटं गेली. लोक शिट्ट्या मारायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना पंडित बराच वेळ बशीत फुंकर मारत बसला. नागनाथ खांद्याला पिशवी लावून, हातात खुळखुळा घेऊन उभा होता.

“असं करू,” शेवटी पंडित म्हणाला. “आधी सितारामची गाणी. मग मध्यंतर. मध्यंतरात मुंजाजीनं तारा उतरवायच्या. मध्यंतरानंतर समदी गाणी तुझ्या पट्टीत.”

“समदी?”

“समदी. पण ही पट्टी कंची रे? अशी मी कुठं ऐकली न्हाई.”

नागनाथ खरं सांगणार होता. त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात सिताराम म्हणाला, “आन् मध्यंतरानंतर मी काय करू?”

पंडितनं नागनाथच्या हातातला खुळखुळा काढून सितारामपुढे ठेवला.